कारण क्रमांक सात

प्रिय बाबा,

तुमचा अर्ज तीनदा परत आला, तो मोबाइलच्या कॅमेऱ्यामुळे नाही. तुम्ही उगाच दुकानात जाऊन काच बदलून मागितलीत आणि दुकानदाराशी भांडलात, आत्याने सांगितलं. अर्ज मी परत पाठवला. तिन्ही वेळा मीच. साडेअकरा वर्षांनी पहिलं पत्र लिहिताना सुरुवात हवापाण्याने करावी, तब्येतीची चौकशी करावी, आईने तसंच शिकवलं होतं. तर, इथे दक्षिणेला नाहामध्ये ऑक्टोबर संपत आला तरी अजून पंखा लागतो. तुमची तब्येत बरी दिसते, थोडे वाळला आहात. झालं. आता मुद्द्यावर येते, कारण हे आधी लिहिलं नाही तर पुढे लिहायचा धीर होणार नाही.

माझं काम नीट सांगते, लांबून ते भलतंच वाटतं. सायकल शर्यतींवर मोबाइलवरून पैसे लावायच्या ज्या साइट आहेत, त्यांतल्या एकीच्या पडताळणी विभागात मी सहा वर्षं बसते आहे. मैदानातल्या खिडकीवर कोणी कधी कोणाचं नाव विचारलं नाही. नाणी सरकवायची, तिकीट घ्यायचं, चालू पडायचं. मोबाइलवर तसं चालत नाही. माणूस खरा आहे का, वीस वर्षांपुढचा आहे का, ज्याचं नाव तोच समोर आहे का, हे बघावं लागतं. अर्जदाराने ओळखपत्राचा पुढून फोटो काढायचा, मागून काढायचा, मग ते तिरकं धरून त्याची जाडी दाखवायची, म्हणजे ते घरी कागदावर छापलेलं नाही हे कळतं. त्या तिसऱ्या फोटोत माणसाचा अंगठा येतो. मग पडद्यावर एक लांबट चौकट दिसते, तिच्यात चेहरा धरायचा, समोर बघायचं, उजवीकडे वळायचं, डोळे मिटून उघडायचे. क्रेडिट कार्डाने पैसे भरायचे असतील तर कार्डाचाही फोटो पाठवायचा, मधले आकडे झाकून. लोक नेमकं नको ते झाकतात. कोणी स्वतःचं नावच झाकतं, कोणी बायकोचं कार्ड आपलं म्हणून पाठवतं, आणि एका गृहस्थाने आकड्यांवर भाताच्या शितांनी कागद चिकटवला होता, शितं स्वच्छ दिसत होती. दहातले नऊ अर्ज यंत्रच पास करतं. दहावा आमच्याकडे येतो. आम्ही बघून तो मंजूर करतो, नाहीतर कारणाचा क्रमांक टाकून परत पाठवतो. चार वेळा परत गेला की त्या माणसाला आमचं दार कायमचं बंद.

कारण क्रमांक सात म्हणजे चेहरा चौकटीबाहेर गेला. हे कारण बहुतेक म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला येतं. मोबाइल समोर उभा केला, कोणीतरी आपल्याकडे बघतं आहे असं वाटलं, की ती माणसं आधी कमरेत वाकून नमस्कार करतात. मग चौकटीत नुसतं टक्कल, आणि यंत्र गोंधळतं. आमच्या विभागप्रमुख हिगाबाई असा अर्ज आला की माझ्याकडे ढकलतात. ऑफिसात मी अजून नवऱ्याच्या, रियोहेईच्याच आडनावाने आहे, त्यामुळे त्या म्हणतात, "मिनागावा, घे, तुझा आणखी एक नमस्कारवाला. बिचाऱ्याची कंबर धरली नाही म्हणजे मिळवली." खरं तर वाकण्याआधी चेहरा क्षणभर दिसलेला असतो आणि तेवढ्यावर आम्ही अर्ज मंजूर करू शकतो. मी जवळजवळ सगळ्यांचा करते. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे केलं त्याला सबब नाही.

आत जाताना मोबाइल, घड्याळ, पेनसुद्धा बाहेरच्या कपाटात ठेवावं लागतं. पडद्यावर जे दिसतं ते बाहेर न्यायचं नाही, कागदावर नाही आणि तोंडानेही नाही. ओळखीचा माणूस निघाला तर हात वर करायचा आणि अर्ज दुसऱ्याकडे द्यायचा. दिवसाला दोन-अडीचशे चेहरे सरळ माझ्या डोळ्यांत बघतात आणि त्यांतल्या एकालाही मी दिसत नाही. सुरुवातीला मला नेमकं हेच आवडलं होतं. संध्याकाळी मोनोरेलने येते, स्टेशनाखालच्या दुकानात वाडगाभर सोबाच्या शेवया खाते. दुकानवाली विचारते, "नेहमीचंच ना?" मी मान हलवते. काही दिवस असे जातात की घरी येऊन रियोहेईच्या फोटोपुढे भाताची वाटी ठेवताना काहीतरी पुटपुटते, तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा मला माझा आवाज ऐकू येतो. मी दुःखात आहे असं समजू नका. एकटी आहे, एवढंच. दोन्हींत फरक असतो असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

सप्टेंबरचा दुसरा मंगळवार होता. आमच्या पडद्यावर फोटो आधी उघडतात आणि नाव नंतर. पहिल्यांदा अंगठा आला. नख मधोमध चिरलेलं, आणि त्या चिरेत पितळेचा जुना डाग. नाव वाचायच्या आधीच मी उंदरावरचा हात काढून घेतला होता, हा उंदीर म्हणजे संगणकाचा, तुम्ही हसाल म्हणून सांगते. मग नाव आलं. उएजिमा सेइगो, वय सत्त्याहत्तर, साकाई, तीच गल्ली, तोच घर क्रमांक. ओळखपत्र गाडी चालवायच्या परवान्याचं नव्हतं. परवाना सरकारला परत केलेल्यांना जे मिळतं ते होतं, या एप्रिलमधलं. म्हणजे पांढरी व्हॅन गेली. सायकलींचे सांगाडे मागे बांधून आपण दोघं मैदानोमैदान जायचो ती व्हॅन. तुमची बातमी मला अशी कळायची होती, एका सरकारी तारखेवरून.

हात वर करायला हवा होता. मी केला नाही. व्हिडिओ लावला. स्वयंपाकघर, मागे आईचा तांदळाचा डबा, तुम्ही बनियनवर, दाढीचे खुंट वाढलेले. तुम्ही समोर बघितलंत, अगदी सरळ माझ्याकडे, आणि वाकलात. बराच वेळ वाकलेले राहिलात. तुमच्या टाळूवरची ती खोक, गॅसची नळी फुटली तेव्हाची, मी चौदा वर्षांची असताना जिच्यावर मलम लावलं होतं, ती दिसली. मला वाटलं, हेही झाले नमस्कारवाले. आणि दुसरा विचार मनात आला तो भीतीचा. ज्याने सायकल बांधली त्याने तिच्यावर पैसे लावू नयेत, असं म्हणत तुम्ही पन्नास वर्षं मैदानातल्या खिडकीकडे पाठ करून बसलात. शर्यतपटू चिडवायचे, "काका, एकदा तरी आमच्यावर शंभर येन लावा, तेवढाच हुरूप." तुम्ही म्हणायचात, "हुरूप पायात घाल." तो माणूस या वयात असल्या साइटवर आला म्हणजे घरात किती सुनं सुनं झालं असेल. तुम्हाला बाहेर ठेवणं हे माझं कर्तव्यच आहे असं मी ठरवलं आणि सात क्रमांक दाबला.

हे अर्धंच खरं आहे. अर्ज परत गेला की माणूस पुन्हा फोटो काढतो, हे मला माहीत होतं. तुम्ही पुन्हा दिसणार होतात.

शनिवारी दुसरा आला. दाढी केलेली, पांढरा सदरा, केसांना पाणी लावून ते टकलावर आडवे बसवलेले. चेहरा नीट दिसला नाही असं आम्ही कळवलं त्याचा अर्थ तुम्ही असा घेतलात, की तुमचा अवतार बरा नव्हता. मी उठून स्वच्छतागृहात गेले आणि आधी हसले, मग नळ सोडून रडले. परत येऊन बघितलं तर तुम्ही पुन्हा वाकला होतात, या वेळी आणखी खाली. वीस सेकंदांच्या व्हिडिओत अकरा सेकंद फक्त टाळू. मी कारण लिहिलं, प्रकाश अपुरा. खिडकीतून भरपूर उजेड येत होता. मला तुम्ही आणखी एकदा हवे होतात, बस. दुसऱ्या एखादीने वडिलांचं असं हसं केलं असतं तर मी त्या बाईला बोलले असते. पण तेव्हा मी रोज सकाळी ऑफिसात जाताना वेणीसुद्धा नीट घालायला लागले होते, तुम्ही बघणार असल्यासारखी.

आता त्या दिवसाबद्दल लिहायला हवं. शेवटच्या फेरीत रियोहेईचं पुढचं चाक पुढच्या शर्यतपटूच्या मागच्या चाकाला लागलं आणि तो पडला. तुम्ही मैदानातच होतात. त्याला गाडीत घालून नेलं तेव्हा तुम्ही गाडीकडे धावला नाहीत. तुम्ही सायकलीकडे गेलात. दोन तासांनी हॉस्पिटलात आलात, हात काळे, आणि माझ्यापुढे उभं राहून पहिलं वाक्य बोललात, "सांधे शाबूत आहेत. एकही सुटलेला नाही." आत माझा नवरा मरत होता. तो दुसऱ्या दिवशी गेला. एकोणपन्नासाव्या दिवशीचे विधी झाले, पाहुणे गेले, आणि मी तुम्हाला म्हटलं, एकदा याच्या फोटोपुढे वाका आणि चुकलो म्हणा, मला आणखी काही नको. तुम्ही ताठ बसून राहिलात. म्हणालात, "चूक नसताना वाकलो तर ते खोटं होईल, सावाको. आठ पोरं अजून माझ्या सायकली चालवतात. त्यांनी काय समजायचं?" त्यावर मी म्हटलं होतं, मग तुमच्या सायकलींवरून माझा पक्षी काढून टाका. वसंतात मी साकाई सोडलं. पुढे आत्याने एका नववर्षाच्या कार्डात लिहिलं, की तुम्ही खरोखरच काढून टाकलात, आणि तुमचे सांगाडे कपाळ कोरं ठेवून जायला लागले.

तो पक्षी. मी नऊ वर्षांची असताना तुमच्या ऑर्डरच्या वहीच्या मागच्या पानावर काढलेली पाकोळी, जिच्या शेपटीला दोनाऐवजी तीन टोकं होती. आई म्हणाली होती, चुकलंय, खोड. तुम्ही म्हणालात, राहू दे, हिला वळताना बरं पडेल. मग तुम्ही तिचे चिकटवायचे ठसे छापून आणलेत आणि प्रत्येक सांगाड्याच्या पुढच्या नळीवर लावलेत, वर रोगणाचा हात देऊन. शाळेत मी मुलींना सांगायचे, माझं चित्र ताशी साठ किलोमीटरने धावतं.

तिसरा अर्ज ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आला. तुम्ही कामाच्या खोलीत बसला होतात. मागची भिंत रिकामी, कानशी ओळीने टांगलेल्या, गॅसची टाकी नव्हती. अंगात काळा सूट होता आणि काळा टाय. काळा टाय मयताच्या विधींनाच बांधतात, हे मला कोणी शिकवायला नको. तरी मी मनाची समजूत घातली, की तुमच्याकडे दुसरा टायच नाही, आणि प्रकाश अपुरा म्हटल्यावर तुम्ही मुद्दाम चांगले कपडे घातलेत. वाकण्याआधी तुमचे ओठ हलले. व्हिडिओला आवाज नसतो. मी तेवढा भाग सात-आठ वेळा बघितला आणि शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "मिनागावासान, अडकलं का काही?" मी म्हटलं, हो, यंत्र अडकलंय. आणि कारण लिहिलं, पार्श्वभूमी अस्पष्ट.

तिसऱ्यांदा परत गेल्यावर साइट आपोआप एक सूचना पाठवते, की यापुढे एकच संधी. ती तुम्हाला गेली हे कळल्यावर मी हिशेब करत बसले. चौथा मी परत पाठवला तर तुम्ही कायमचे गेलात. मंजूर केला तरी गेलात, कारण मंजूर झालेला माणूस पुन्हा आमच्यापुढे येत नाही. आणि तुम्ही चौथा पाठवलाच नाहीत तर? दहा दिवस काही आलं नाही. मी जेवणाच्या सुट्टीतही यादी बघत बसायचे. हिगाबाई म्हणाल्या, "सुट्टीत कसली पडताळणी करतेस? आपला कोणी राजपुत्र अर्ज करणार आहे का?"

गेल्या शुक्रवारी दुपारी तो आला. या वेळी तुम्ही बँकेतून पैसे भरायच्या ऐवजी क्रेडिट कार्डाची खूण केली होती. तुम्ही, ज्यांनी जन्मभर पितळसुद्धा रोख घेतलं आणि आईला हप्त्यावर शिवणयंत्र घेऊ दिलं नाही. कार्ड सुपरमार्केटचं होतं, कोरं करकरीत, याच महिन्यात दिलेलं. फोटो उघडला. पहिले सहा आकडे दिसत होते, शेवटचे चार दिसत होते, नाव स्वच्छ. इतकं नीट झाकलेलं कार्ड मी सहा वर्षांत पाहिलं नाही. मधल्या आकड्यांवर पाकोळी होती. तीन टोकांच्या शेपटीची. कडा पिवळ्या पडलेल्या, एक पंख थोडा फाटलेला. मला वाटलं होतं एकही ठसा उरला नसेल.

मी व्हिडिओ लावला नाही. नियम मोडून उठले, कपाटातून मोबाइल काढला आणि जिन्यात उभं राहून फुमिए आत्याला फोन केला. ती लगेच लढायच्या पवित्र्यात आली. "अगं, पत्ता देऊ नको म्हणाली होतीस, मी दिला का? नाही दिला. काम काय करतेस ते सांगू नको असं कुठे म्हणाली होतीस?" मग जरा वेळाने तिचा आवाज खाली आला. "मी आपलं सहज म्हटलं, सावाको त्या सायकल शर्यतीच्या साइटवर लोकांचे चेहरे तपासते. तर दादा म्हणाला, म्हणजे माझा चेहरा तिच्यापुढे जाईल? मी म्हटलं, कोण जाणे, तिथे पन्नास जणी बसत असतील. तो म्हणाला, मग पन्नासांपुढे जाऊ दे." मी विचारलं, आणि तीनदा परत आल्यावर? आत्या म्हणाली, "मी म्हटलं, सोड आता, हे आपलं काम नव्हे. तर म्हणतो कसा, परत पाठवायला तिकडे कोणीतरी बघतंय ना? बघतंय म्हणजे झालं. मग मीच म्हटलं, कार्डाचा आणखी एक फोटो पाठवता येतो बघ." ती रडत होती की हसत होती ते मला नीट कळलं नाही.

म्हणजे मी चोरून तुम्हाला बघत होते असं मी समजत होते, आणि तुम्ही उघड्यावर, पन्नास अनोळखी बायकांपुढे, मला दाखवायला वाकत होतात. अगदी पहिल्या अर्जातही. बनियनवरसुद्धा. मी त्याला सातवं कारण दिलं.

आता माझी पाळी. ही गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही, रियोहेईच्या फोटोलाही शब्दांत नाही. तुम्हाला माहीत आहे, शर्यतीच्या आदल्या दिवशी शर्यतपटूंना आत घेतात, मोबाइल काढून घेतात, आणि शर्यती संपेपर्यंत त्यांना बाहेरच्या कोणाशी बोलता येत नाही. त्या सकाळी पिशवी भरता भरता रियोहेई म्हणाला, "तुझ्या बाबांच्या सायकली आता मला जड पडतात. नागोयाचा एक जण हलक्या बांधतो. पुढच्या हंगामात त्याच्याकडून घेऊ का? तू सांग, मग मी त्यांच्या पाया पडून सांगेन." आणि मी म्हटलं, बाबांची सायकल सोडलीस तर या घरात परत येऊ नकोस. त्याने पिशवीची चेन ओढली. मग "बरं" म्हणाला आणि तुमची सायकल उचलून गेला. दुपारपर्यंत माझा राग उतरला होता, पण फोन कुणाला करणार? तीन दिवस मी ते वाक्य मागे घ्यायची वाट बघत होते. तिसऱ्या दिवशी तो पडला.

तुम्ही सांधे शाबूत आहेत म्हणालात तेव्हा मला काय ऐकू आलं ते आता तुम्हाला कळेल. सांधा तुटला असता तर दोष तुमचा होता. तो तुटला नव्हता, मग दोष कोणाचा उरला? मला तुटलेला सांधा हवा होता, बाबा. तुम्ही वाकावं असा हट्ट धरला, कारण वाकायचं मला होतं आणि ज्याच्यापुढे वाकायचं तो राहिला नव्हता. तुमचं म्हणणं बरोबर होतं, ते खोटं झालं असतं. पण शाबूत सांध्यांमुळे माझी सुटका होऊ शकली असती, चाकाला चाक लागलं आणि माझ्या बोलण्याने काही झालं नाही असं मानता आलं असतं, हे मला जिन्यात उभं असताना पहिल्यांदा सुचलं. बारा वर्षं लागली. तुमची मुलगी मठ्ठ आहे.

मी आत गेले आणि हात वर केला. हिगाबाई आल्या. मी सगळं सांगितलं, तीन वेळा, तिन्ही कारणं, त्यांतली दोन खोटी. त्या म्हणाल्या, "स्वतःच्या बापाला? तीनदा?" मग म्हणाल्या, लेखी द्यावं लागेल, आणि सोमवारपासून तुला पडताळणीवर बसता येणार नाही, फोनच्या विभागात जावं लागेल. मी म्हटलं, चालेल. मग त्या माझ्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी चौथा व्हिडिओ लावला, जो मी अजून बघितला नव्हता. तोच काळा सूट. तुम्ही समोर बघितलंत, उजवीकडे वळलात, डोळे मिटलेत, उघडलेत. सगळं सांगितल्याप्रमाणे, घाई न करता. मग वाकलात. आणि हिगाबाई, ज्या आम्हाला नमस्कारवाल्यांवरून वर्षानुवर्षं चिडवत आल्या, खुर्चीतून अर्धवट उठल्या आणि पडद्याला वाकून नमस्कार केला. उठल्यावर जरा ओशाळल्या. म्हणाल्या, "समोरचा वाकला की राहवत नाही गं." मग त्यांनी मंजूरचं बटण दाबलं, "चेहरा स्वच्छ दिसतोय, यात नामंजूर करण्यासारखं काय आहे?" असं म्हणून. तुमचं खातं सुरू झालं आहे, बाबा. आता तुम्ही हव्या त्या शर्यतीवर कार्डाने पैसे लावू शकता. लावू नका. आणि ती पाकोळी कार्डावरून सोलून टाकू नका, आकडे पाठ नसले तरी चालतील.

हे पत्र मी लिहायला घेतलं ते यासाठी. हिगाबाई वाकल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तुम्ही चार वेळा वाकलात आणि मी एकदाही परत वाकले नाही. मी नुसती बसून बघत होते. नऊ नोव्हेंबरला रियोहेईचे, तो गेला ते वर्ष धरून, तेराव्या वर्षाचे विधी आहेत. ते मी इथे एकटीच करणार होते, एका भटजींना बोलावून. आता त्याचा फोटो घेऊन मी आठ तारखेला सकाळच्या विमानाने येते आहे, दुपारपर्यंत गल्लीत पोचेन. विधी तुमच्या कामाच्या खोलीत करू, त्या रिकाम्या भिंतीखाली. पाकिटाच्या मागे माझा पत्ता आहे, तो तपासून बघायची गरज नाही. आत्याला सांगा, काही रांधू नको. तुम्ही दार उघडाल तेव्हा काळा टाय असला तरी चालेल, बनियन असलं तरी चालेल. फक्त तुम्ही वाकू नका. आधी मी वाकणार आहे, आणि त्यानंतर मला तुमचा चेहरा बघायचा आहे.

तुमचीच,
सावाको